अवकाशीय धोक्यांचे निरीक्षण

अवकाशीय धोक्यांचे निरीक्षण म्हणजे पृथ्वीभोवतालच्या अवकाशातून कृत्रिम उपग्रहांना, अंतराळवीरांना व पृथ्वीवरील जीवसृष्टीला संभवणाऱ्या धोक्यांचा सातत्याने वेध घेणे, त्यांचे पूर्वानुमान करणे आणि संबंधितांना वेळेवर सूचना देणे होय. या धोक्यांचे तीन मुख्य प्रकार मानले जातात : मानवनिर्मित अवकाश कचरा, सूर्यावरील उद्रेकांमुळे उद्भवणारी सौर वादळे, आणि पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारे लघुग्रह व धूमकेतू. या तिन्ही प्रकारांची ठळक उदाहरणे महाराष्ट्रात आढळतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले आहे; मुंबईतील कुलाबा वेधशाळेने इ.स. १८५९ मधील प्रचंड सौर वादळाची नोंद केली. आणि २ एप्रिल २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात अग्निबाणाचे अवशेष आकाशातून कोसळले. धोका कोणताही असो, त्यापासून होणारे नुकसान त्याची चाहूल किती आधी लागते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. म्हणूनच हे निरीक्षण संरक्षणाची पहिली पायरी समजले जाते.

व्याप्ती

अवकाश कचऱ्यात निकामी झालेले उपग्रह, अग्निबाणांचे वापरून झालेले टप्पे, स्फोटांतून व टकरींतून उडालेले तुकडे, तसेच रंगाचे कपचे व खिळे-बोल्ट यांसारख्या बारीक वस्तूंचा समावेश होतो. सौर वादळांच्या निरीक्षणाला 'अवकाश हवामान' अशीही संज्ञा आहे. तिच्यात सौरज्वाला, सूर्याच्या प्रभामंडलातून बाहेर फेकले जाणारे विद्युतभारित वायूंचे लोट आणि त्यांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होणारे विक्षोभ यांचा अभ्यास केला जातो. तिसऱ्या प्रकारातील वस्तूंना 'पृथ्वीसमीप वस्तू' असे म्हणतात.

या तीन शाखांची साधने भिन्न आहेत. कचऱ्याचा माग प्रामुख्याने रडार व दुर्बिणींच्या साहाय्याने घेतला जातो. सूर्याचे निरीक्षण अवकाशयानांतून आणि जमिनीवरील वेधशाळांतून होते. भूचुंबकीय वेधशाळा पृथ्वीच्या क्षेत्रातील बदल टिपतात. लघुग्रहांचा शोध रात्रीच्या आकाशाची पुनःपुन्हा छायाचित्रे घेऊन, त्यांतील स्थान बदललेले ठिपके ओळखून केला जातो.

दैनंदिन जीवनाशी संबंध

उपग्रहांची सुरक्षितता हा केवळ शास्त्रज्ञांच्या किंवा अवकाश संस्थांच्या चिंतेचा विषय राहिलेला नाही. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजासारख्या, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या पट्ट्यातील गावाचे दैनंदिन व्यवहारही उपग्रहांशी जोडलेले आहेत. पेरणीच्या सुमारास ज्या पावसाच्या अंदाजाकडे शेतकऱ्याचे लक्ष लागलेले असते, त्यासाठी इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रहांनी टिपलेल्या ढगांच्या प्रतिमा वापरल्या जातात. या मालिकेतील इन्सॅट-३डीएस हा उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रक्षेपित करण्यात आला. घरावरील छत्रीतून दिसणारी दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनीवरील नकाशा, वाहनांचा माग आणि अनेक दळणवळण जाळ्यांची कालगणना यांनाही उपग्रहांचा आधार असतो. त्यामुळे कक्षेतील एखादी टक्कर किंवा सूर्यावरील एखादा उद्रेक यांचे परिणाम अवकाशाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या माणसांपर्यंत पोहोचू शकतात.

अवकाश कचरा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-१ हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याला कक्षेत नेणाऱ्या अग्निबाणाचा मुख्य भागही पृथ्वीभोवती फिरू लागला. म्हणजे उपग्रहयुगाबरोबरच अवकाश कचऱ्याचेही युग सुरू झाले. युरोपीय अवकाश संस्थेच्या अनुमानानुसार, १० सेंमीपेक्षा मोठ्या वस्तूंची संख्या आता काही दशसहस्रांत असून १ ते १० सेंमी आकाराचे तुकडे दहा लाखांहून अधिक आहेत. यांपैकी मोठ्या वस्तूंचाच नियमित माग ठेवता येतो. लहान तुकडे दिसत नाहीत, परंतु त्यांचा वेग त्यांना घातक बनवतो. पृथ्वीनिकटच्या कक्षेतील वस्तू सेकंदाला सुमारे ७.५ किमी वेगाने फिरतात आणि परस्परांना छेदणाऱ्या कक्षांतील वस्तूंचा सापेक्ष वेग सेकंदाला १० किमीहूनही अधिक असू शकतो. हा वेग बंदुकीच्या गोळीच्या सुमारे दहापट आहे.

१० फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेचा इरिडियम-३३ हा कार्यरत दळणवळण उपग्रह आणि रशियाचा कॉसमॉस-२२५१ हा निकामी उपग्रह यांची सैबेरियावर सुमारे ७९० किमी उंचीवर टक्कर झाली. दोन अखंड उपग्रह अपघाताने एकमेकांवर आदळण्याची ही पहिलीच घटना होती. तिच्यातून माग घेता येण्याजोगे दोन हजारांवर तुकडे निर्माण झाले. त्यापूर्वी ११ जानेवारी २००७ रोजी चीनने क्षेपणास्त्राने आपलाच फेंगयुन-१सी हा उपग्रह फोडला, तेव्हा तीन हजारांहून अधिक मोठे तुकडे पसरले. भारतानेही २७ मार्च २०१९ रोजी 'मिशन शक्ती' या चाचणीत स्वतःचा एक उपग्रह नष्ट केला. ही चाचणी सुमारे ३०० किमी इतक्या कमी उंचीवर घेतल्याने बहुतेक तुकडे तुलनेने लवकर वातावरणात येऊन नष्ट झाले.

उंचीचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ४०० किमीच्या आसपास विरळ का होईना पण वातावरण असते. त्याच्या घर्षणाने वस्तूचा वेग कमी होतो व ती काही महिन्यांत किंवा वर्षांत खाली येते. ८०० किमीवर याच क्रियेला अनेक दशके, कधी शतकेही लागतात. सुमारे ३६,००० किमी उंचीवरील भूस्थिर कक्षेतील वस्तू आपोआप खाली येत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर यांनी बर्टन कूर-पॅले यांच्यासह १९७८ मध्ये असे दाखवले की, एखाद्या कक्षेत वस्तूंची दाटी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर एका टकरीचे तुकडे पुढील टकरींना कारण होतील आणि नवे प्रक्षेपण थांबवले तरी कचरा वाढतच राहील. या संभाव्य साखळीला 'केसलर परिणाम' म्हणतात.

सिंदेवाही येथील घटना

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी रात्री आठच्या सुमारास विदर्भ, उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांतून आकाशात तेजस्वी रेषा सरकताना दिसल्या. अनेकांना तो उल्कापात वाटला. मात्र उल्का सामान्यतः काही सेकंदांतच विझते; या रेषा त्या मानाने संथपणे, एकमेकींना जवळजवळ समांतर अशा क्षितिजाकडे गेल्या. कक्षेतून खाली येणाऱ्या व तुटत जाणाऱ्या मानवनिर्मित वस्तूचे हे लक्षण असते.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे व अंदाजे ४० किलो वजनाचे धातूचे कडे पडलेले आढळले. परिसरात सुमारे अर्धा मीटर व्यासाचे धातूचे गोळेही सापडले. या घटनेत जीवितहानी झाली नाही. स्थानिक प्रशासनाने अवशेष ताब्यात घेतले आणि भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या (इस्रो) शास्त्रज्ञांनी पाहणी केली. अवकाशातील वस्तूंच्या नोंदी ठेवणारे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते, हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या 'लाँग मार्च ३बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा होता. म्हणजे प्रक्षेपणानंतर सुमारे चौदा महिने तो पृथ्वीभोवती फिरत राहिला होता.

अग्निबाणाचा बहुतेक भाग वातावरणात जळून जातो. परंतु दाबाखालील वायू साठवणाऱ्या गोल टाक्या अनेकदा टिकून राहतात. अशा टाक्या टायटॅनियमसारख्या उच्च वितळणबिंदूच्या धातूच्या किंवा कार्बनच्या तंतूंनी वेढलेल्या असतात. त्यामुळे जगभर अशा घटनांनंतर सापडणाऱ्या वस्तूंत गोळ्यांचे प्रमाण लक्षणीय असते. काही अवकाशयानांत हायड्राझिनसारखे विषारी इंधन वापरले जाते. म्हणून आकाशातून पडलेली वस्तू न हाताळता तिच्यापासून दूर राहून पोलीस किंवा महसूल प्रशासनाला कळवणे सुरक्षित मानले जाते.

पूर्वसूचनेतील अडचण

अग्निबाणाचा टप्पा खाली येणार हे अनेक दिवस आधी समजू शकते. तो कोठे पडेल हे मात्र अखेरपर्यंत नेमके सांगता येत नाही. वातावरणाच्या वरच्या थरांची घनता सूर्याच्या सक्रियतेनुसार बदलते आणि गटांगळ्या खात येणाऱ्या वस्तूवर होणारे घर्षणही क्षणोक्षणी बदलत असते. त्यामुळे पुनःप्रवेशाच्या वेळेच्या अंदाजात उरलेल्या कालावधीच्या साधारणपणे १० ते २० टक्के इतकी चूक संभवते. पाच तास आधी केलेल्या अंदाजातही अर्ध्या ते एका तासाची अनिश्चितता राहते. सेकंदाला ७.५ किमी वेगाने जाणारी वस्तू एका मिनिटात ४५० किमी अंतर कापते. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किमी आहे. ती ओलांडण्यास अशा वस्तूला दोन मिनिटेही लागत नाहीत. अर्ध्या तासाची चूक म्हणजे साडेतेरा हजार किलोमीटरची चूक होय. या कारणामुळे एखाद्या तालुक्याला वा गावाला नेमकी सूचना देणे आजच्या साधनांनी शक्य होत नाही. खरा उपाय निरीक्षणाच्या आधीच्या टप्प्यात आहे : वापरून झालेले टप्पे व उपग्रह नियंत्रित पद्धतीने निर्मनुष्य समुद्रात उतरवणे.

इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी मेघा-ट्रॉपिक्स-१ हा उपग्रह याच पद्धतीने पॅसिफिक महासागरावर वातावरणात उतरवला. २०११ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाची रचना अशा उतरणीसाठी केलेली नव्हती. त्यात शिल्लक राहिलेले इंधन वापरून हे साधण्यात आले.

कायदेशीर बाजू

१९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार, अवकाशातील वस्तूमुळे पृथ्वीच्या पृष्ठभागावर नुकसान झाल्यास प्रक्षेपण करणारे राष्ट्र पूर्णतः जबाबदार असते. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला व किरणोत्सारी अवशेष पसरले. १९८१ मध्ये सोव्हिएत संघाने कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर देण्याचे मान्य केले. अवशेष कोणत्या प्रक्षेपणाचे आहेत हे ठरल्याशिवाय असा दावा करता येत नाही. त्यामुळे कक्षेतील वस्तूंची अचूक नोंदवही हे न्याय मिळवण्याचेही साधन ठरते.

सौर वादळे

सूर्यावर उद्रेक झाल्यास त्यातील प्रारणे प्रकाशाच्या वेगाने सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीपर्यंत येतात. विद्युतभारित वायूंचा लोट मात्र तुलनेने मंद असतो. त्याला सामान्यतः एक ते तीन दिवस लागतात. हा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की भूचुंबकीय वादळ निर्माण होते. अशा वादळात वीजवाहक तारांत अनिष्ट प्रवाह निर्माण होतात, दिशादर्शन प्रणालीत चुका येतात, उपग्रहांतील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतात आणि वरचे वातावरण तापून फुगल्याने खालच्या कक्षांतील उपग्रहांवरील घर्षण वाढते.

कुलाब्याची नोंद

मुंबईतील कुलाबा वेधशाळेत इ.स. १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याचे निरीक्षण करताना डागांच्या समूहाजवळ अचानक उजळलेले प्रखर प्रकाशपट्टे पाहिले. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड भूचुंबकीय वादळ सुरू झाले. युरोप व अमेरिकेतील तारायंत्रे विस्कळीत झाली आणि एरवी ध्रुवीय प्रदेशांत दिसणारा प्रकाश उष्ण कटिबंधाच्या सीमेपर्यंत दिसला.

वेगवेगळ्या देशांतील अनेक उपकरणांचे काटे या वादळात मोजपट्टीबाहेर गेले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र २ सप्टेंबर रोजी अल्प अंतराने वाचने घेत वादळाची पूर्ण नोंद केली. त्या नोंदीत चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटलेला दिसतो. जवळजवळ दीड शतकानंतर, २००३ मध्ये, अमेरिकेचे ब्रूस सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लाखिना व एस. अलेक्स यांच्यासह काही संशोधकांनी या नोंदींचा अभ्यास करून वादळाच्या तीव्रतेचे अनुमान प्रसिद्ध केले. आधुनिक वीजजाळ्यांना व उपग्रहांना कोणत्या मर्यादेपर्यंतच्या वादळाला तोंड द्यावे लागू शकते, याचा विचार करताना ही नोंद आधारभूत मानली जाते. ज्या काळात उपग्रह अस्तित्वातच नव्हते त्या काळातील निष्ठेने केलेले काम उपग्रहांच्या रक्षणासाठी उपयोगी पडले, हे या प्रकरणाचे विशेष आहे.

पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार असल्याने मोजमापांत व्यत्यय येण्याची शक्यता निर्माण झाली. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या पुढाकाराने अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करण्यात आली, त्यामुळे नोंदींची परंपरा खंडित झाली नाही. अलिबागची वेधशाळा आज नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

अलीकडील वादळे

१३ मार्च १९८९ च्या भूचुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे सुमारे दीड मिनिटात कोलमडले आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीने सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ उपग्रह एका तुलनेने साधारण वादळामुळे वाढलेल्या घर्षणाने नष्ट झाले. १० व ११ मे २०२४ रोजी आलेले वादळ २००३ नंतरचे सर्वांत तीव्र होते. त्या वेळी लडाखमधील हानले येथूनही आकाशात तांबूस ध्रुवीय प्रकाश टिपण्यात आला.

आदित्य-एल१

भारताची पहिली अवकाशस्थित सौर वेधशाळा आदित्य-एल१ ही २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आली आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावली. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किमी अंतरावर आहे. तेथून सूर्य अखंड दिसतो आणि पृथ्वीकडे येणारा लोट पृथ्वीच्या आधी त्या ठिकाणी पोहोचतो. त्यामुळे लोटाच्या प्रत्यक्ष मोजणीनंतर साधारण पाऊण ते एक तासाचा अवधी मिळतो. वेगवान लोटाच्या बाबतीत तो आणखी कमी असतो. यानावर सात उपकरणे आहेत. त्यांपैकी सूर्याच्या अतिनील प्रतिमा घेणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे.

पृथ्वीसमीप वस्तू

लोणार

वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. किन्हीराजा परिसरातून एका दिवसात पाहून परतता येईल इतक्या अंतरावर असलेले हे स्थळ अवकाशीय धोक्याचे प्रत्यक्ष प्रमाण आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी व खोली सुमारे १५० मीटर आहे. लोककथेनुसार येथे लवणासुर नावाचा दैत्य राहत असे व विष्णूने त्याचा वध केला. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर या कथेशी निगडित आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनलेले असल्याने हे ज्वालामुखीचे मुख असावे असे दीर्घकाळ मानले जात होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने येथील खडकांत, प्रचंड आघाताच्या दाबानेच निर्माण होऊ शकणारी काचेसारखी खनिजे असल्याचे दाखवले आणि हे आघातविवर असल्याचे निश्चित झाले. बेसॉल्ट खडकातील आघातविवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत. त्यामुळे चंद्र व मंगळावरील विवरांच्या अभ्यासासाठी लोणार महत्त्वाचे ठरते.

विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे, तर आर्गॉन समस्थानिकांवर आधारित पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे येते.

लहान अशनी आजही पडत असतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनीचे तुकडे पडले होते. अशा लहान घटनांपासून व्यापक हानी होत नाही.

आधुनिक काळातील घटना

३० जून १९०८ रोजी सैबेरियातील तुंगुस्का नदीच्या खोऱ्यावर एका अवकाशीय वस्तूचा हवेत स्फोट होऊन सुमारे २,००० चौरस किमी क्षेत्रातील झाडे आडवी झाली. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहराजवळ सुमारे २० मीटर व्यासाचा अशनी वातावरणात फुटला. आघातलहरीने हजारो इमारतींच्या काचा फुटल्या व सुमारे १,५०० लोक जखमी झाले. तेजस्वी झोत पाहून अनेक जण खिडक्यांशी गेले होते आणि लहर काही वेळाने पोहोचली, त्यामुळे बहुतेक जखमा काचांमुळे झाल्या. ही वस्तू सूर्याच्या दिशेने आल्याने जमिनीवरील दुर्बिणींना ती आधी दिसली नव्हती.

१६ ऑगस्ट २०२० रोजी '२०२० क्यूजी' हा काही मीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किमी अंतरावरून गेला. अमेरिकेतील पालोमार येथील दुर्बिणीच्या प्रतिमांतून त्याचा शोध लावण्यात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील (आयआयटी) विद्यार्थ्याचा सहभाग होता. हा शोध लघुग्रह पृथ्वीजवळून निघून गेल्यावर काही तासांनी लागला. वस्तू लहान असल्याने धोका नव्हता. तथापि अगदी जवळून जाणारी वस्तूही आधी नजरेस पडेलच असे नाही, हे यातून दिसून आले.

धोक्याचे मूल्यमापन आणि उपाय

आतापर्यंत ३५ हजारांहून अधिक पृथ्वीसमीप लघुग्रहांचा शोध लागला आहे. नव्याने सापडलेल्या लघुग्रहाची कक्षा आरंभी स्थूलमानानेच कळते. अधिक निरीक्षणे मिळत जातात तशी ती अचूक होते. डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या '२०२४ वायआर४' या लघुग्रहाची २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांच्या वर गेली होती. आघात झालाच तर तो ज्या पट्ट्यात होऊ शकला असता त्यात अरबी समुद्र व दक्षिण आशियाचाही समावेश होता. पुढील निरीक्षणांनंतर काही दिवसांतच ही शक्यता जवळजवळ शून्यावर आली. शक्यता प्रथम वाढून मग एकदम कमी होणे ही गणिताची चूक नसून अनिश्चितता घटत जाण्याची स्वाभाविक प्रक्रिया आहे. अपोफिस हा सुमारे ३४० मीटर व्यासाचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीपृष्ठापासून सुमारे ३२,००० किमी अंतरावरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांपेक्षाही जवळून जाणार आहे. तो आदळणार नाही हे निश्चित झाले आहे.

२६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे डार्ट हे यान डिमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर हेतुपुरस्सर आदळवण्यात आले. त्याचा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा परिभ्रमणकाळ ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ११ तास २३ मिनिटांवर आला. लघुग्रहाचा मार्ग बदलता येतो हे त्यामुळे सिद्ध झाले. मात्र हा बदल अत्यंत सूक्ष्म असतो. त्याचा पुरेसा परिणाम होण्यासाठी धडक अनेक वर्षे आधी द्यावी लागते. म्हणजे उपायाची उपयुक्तताही लवकर लागलेल्या शोधावरच अवलंबून असते.

भारतातील यंत्रणा

अमेरिकेकडे अवकाशीय वस्तूंची सर्वांत विस्तृत नोंदवही आहे आणि संभाव्य टकरींच्या सूचना तिच्या आधारे इतर देशांनाही दिल्या जातात. भारताने स्वतःची क्षमता उभारण्यासाठी 'नेत्र' हा प्रकल्प हाती घेतला. त्याचे नियंत्रण केंद्र १४ डिसेंबर २०२० रोजी बंगळुरू येथील पीण्या भागात सुरू झाले. श्रीहरिकोटा येथील रडार एकाच वेळी दहा वस्तूंचा माग घेऊ शकते. ११ जुलै २०२२ रोजी बंगळुरू येथे इस्रोच्या सुरक्षित व शाश्वत अवकाश कार्यव्यवस्थापन केंद्राचे उद्घाटन झाले.

इस्रोने आपले उपग्रह टकरींपासून वाचवण्यासाठी २०२२ मध्ये २१ वेळा आणि २०२३ मध्ये २३ वेळा त्यांच्या कक्षेत बदल केला. प्रत्येक बदलासाठी इंधन खर्च होते व उपग्रहाचे आयुष्य तेवढ्या प्रमाणात घटते. त्यामुळे प्रत्येक सूचनेवर कृती न करता धोक्याचे गणित नीट तपासावे लागते. प्रक्षेपणाची वेळही याच गणिताने ठरते : १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ चे उड्डाण संभाव्य टक्कर टाळण्यासाठी चार सेकंद उशिरा करण्यात आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चंद्राभोवतीही चंद्रयान-२ ची कक्षा बदलून नासाच्या यानाशी संभवणारी जवळीक टाळण्यात आली होती.

भारतही कचरा निर्माण करणाऱ्या देशांत मोडतो. डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ या अग्निबाणाचा अंतिम टप्पा कक्षेत फुटून ३७१ तुकड्यांची नोंद झाली. त्यांपैकी बहुतेक आता वातावरणात नष्ट झाले आहेत. या अनुभवानंतर टप्प्यांतील उरलेले इंधन व दाब काढून टाकण्याची पद्धत रूढ झाली. २०३० पर्यंत भारताच्या सर्व अवकाश मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले.

मर्यादा

तिन्ही धोक्यांत मिळणारा पूर्वसूचनेचा अवधी सारखा नसतो. उपग्रहांच्या संभाव्य टकरीची सूचना सहसा काही दिवस आधी मिळते व उपग्रह हलवता येतो. सौर लोटाची चाहूल एक ते तीन दिवस आधी लागते. परंतु त्याची खरी तीव्रता एल१ बिंदूवरील मोजणीनंतरच, म्हणजे सुमारे तासभर आधी कळते. तेवढ्या वेळात वीजजाळ्यांवरील भार कमी करणे आणि उपग्रहांना सुरक्षित स्थितीत ठेवणे शक्य असते. मोठ्या लघुग्रहांच्या बाबतीत दशकांचा अवधी मिळू शकतो, तर चेल्याबिन्स्कसारख्या लहान वस्तूंच्या बाबतीत तो शून्यही असू शकतो. अनियंत्रित कोसळणाऱ्या अग्निबाणाची वेळ स्थूलमानाने कळते, पण ठिकाण कळत नाही.

सिंदेवाहीत कोसळलेले अवशेष शेतशिवारात व गावाजवळ पडूनही कोणी दगावले नाही, हा निरीक्षणयंत्रणेचा नव्हे तर योगायोगाचा परिणाम होता. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याने व्यापलेला असल्यामुळे आणि जमिनीचाही बराच भाग विरळ वस्तीचा असल्यामुळे एखाद्या विशिष्ट व्यक्तीला असलेला धोका अत्यल्प आहे. परंतु प्रक्षेपणांची संख्या जशी वाढत आहे, तशी अशा योगायोगावर विसंबून राहण्याची मर्यादाही स्पष्ट होत आहे. निरीक्षणाच्या नोंदी देशादेशांत खुलेपणाने वाटून घेणे आणि प्रत्येक प्रक्षेपणकर्त्याने आपल्या अग्निबाणाच्या शेवटच्या टप्प्याची जबाबदारी स्वीकारणे, या दोन गोष्टींवर पुढील काळातील सुरक्षितता अवलंबून आहे.